विश्लेषण : नुसत्या उंचीने ‘सेंटर’ का घडत नाही? जॉर्ज मायकनला कोणी आणि कसे घडवले?

मे महिन्यात नागपुरात सकाळी आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर उभे राहवत नाही. त्यामुळे शिवाजीनगर असो, धंतोली असो की मानकापूर, बास्केटबॉल शिकणारी पोरे उजाडायच्या आत मैदानावर असतात. त्या घोळक्यात एक तरी मुलगा असा असतो, ज्याची ट्रॅक पॅन्ट घोट्याच्या वर आलेली असते. नववी-दहावीतला, सहा फूट ओलांडलेला, खांदे पाडून चालणारा. शाळेच्या प्रार्थनेत मागच्या रांगेत दिसला आणि क्रीडाशिक्षकांनी उचलून आणला, एवढीच त्याची निवड. त्याला पहिल्या दिवशी रिंगखाली उभे करतात. पुढच्या वर्षी तो तिथे नसतो.

माझ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संघातही असा एक मित्र होता. सहा फूट चार इंच. चार वर्षे त्याला हात वर करून उभे राहायला सांगितले गेले. वळायचे कसे, हे मात्र कोणी शिकवले नाही. तो आज उत्तम नोकरीत आहे आणि बास्केटबॉलचे नाव काढले की विषय बदलतो.

उंच, कच्च्या, स्वतःच्या हातापायांत अडखळणाऱ्या पोराचे काय करायचे, हा प्रश्न ८० वर्षांपूर्वी शिकागोत एका नवख्या प्रशिक्षकासमोर आला होता. त्याने काढलेल्या उत्तरातून व्यावसायिक बास्केटबॉलचा पहिला महानायक उभा राहिला. त्याचे नाव जॉर्ज मायकन.

मायकन कोण होता?

जन्म १८ जून १९२४, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले जोलिएट. शिकागोपासून जवळचे, कामगारवस्तीचे गाव. वडिलांकडून क्रोएशियन, आईकडून लिथुआनियन वळणाचे कुटुंब. घरचे खानावळवजा मद्यालय होते आणि भावंडांचे बालपण त्याच्याच आसपास गेले. लहानपणी जॉर्जचा गुडघा इतका वाईट मोडला, की त्याला जवळपास दीड वर्ष अंथरुणात काढावे लागले. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. त्यात उंची थांबायचे नाव घेईना. ती शेवटी सहा फूट दहा इंचांवर, म्हणजे सुमारे २०८ सेंटिमीटरवर थांबली.

आज एवढी उंची म्हटली की प्रशिक्षकांचे डोळे चमकतात. तेव्हा उलटे होते. बास्केटबॉल हा चपळ, मध्यम उंचीच्या, पास देत पळणाऱ्या खेळाडूंचा खेळ मानला जाई. फार उंच माणूस म्हणजे अवजड आणि काहीसा विनोदी, असा समज पक्का होता. पाद्री व्हावे म्हणून जॉर्ज काही काळ शिकागोच्या धार्मिक शाळेतही शिकला. पुढे डीपॉल विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याच्या नावावर सांगण्यासारखा खेळ नव्हता.

मोठ्या संघाने त्याला का नाकारले?

इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाचा तेव्हा दबदबा होता. तिथे जॉर्ज चाचणी द्यायला गेला. प्रशिक्षक जॉर्ज कीओगन यांनी पाहिले आणि घरी पाठवले. मुलगा बेढब आहे, चष्मा लावतो, त्याने डीपॉलमध्येच राहून शिकावे, असा निकाल लागला. निकाल निर्दयी असला तरी त्या दिवशीच्या खेळावरून तो चुकीचा म्हणता येणार नाही. चाचणीत दिसते ते आजचे कौशल्य. उद्याचे दिसायला दुसरी नजर लागते.

योगायोगाने ती नजर त्याच मैदानावर होती. रे मेयर तेव्हा कीओगन यांच्या हाताखाली सहायक होते. १९४२ मध्ये त्यांना डीपॉलचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. वय अवघे २८. तिथे पोहोचल्यावर त्यांना दिसला तो नोटर डेममधून परत पाठवलेला चष्मेवाला.

रे मेयर यांनी नेमके काय केले?

मेयर यांनी त्याला आधी डावपेच शिकवले नाहीत. त्यांनी त्याचे पाय हाती घेतले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, तेव्हा हाडांची लांबी बदलते आणि शरीराने आधी शिकलेली हालचालींची मोजमापे चुकू लागतात. चार महिन्यांपूर्वी जिथे पाऊल पडायचे, तिथे आता ते पडत नाही. शिवाय शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो, त्यामुळे वळताना तोल राखायला जास्त ताकद लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर यंत्राचा सांगाडा बदलला, पण नियंत्रणाचा प्रोग्राम जुनाच राहिला. अशा मुलाला आपण धांदरट म्हणतो. खरे तर त्याला नव्या शरीराची सवय व्हायला वेळ आणि योग्य काम हवे असते.

मेयर यांनी दिलेले काम त्या काळात चेष्टेचा विषय ठरेल असे होते. दोरीवरच्या उड्या. मुष्टियोद्ध्यांसारखा सराव, कारण मुष्टियुद्धात पाय थांबले की ठोसा बसतो. आणि नृत्य. महाविद्यालयातल्या एका बुटक्या विद्यार्थिनीला मेयर यांनी त्याच्याबरोबर नाचायला तयार केले, ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली गेली. सहा फूट दहा इंचांचा मुलगा आणि त्याच्या छातीपर्यंतही न पोहोचणारी जोडीदार. तिच्या पायावर पाय न देता, तालात, लहान पावले टाकत वळायचे. बचावाच्या सरावात त्याच्यासमोर संघातला लहानखुरा, चपळ खेळाडू उभा केला जाई. त्याच्या मागे धावता धावता जॉर्जला आडवे सरकणे शिकावे लागले.

आपल्याकडच्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच डाव दाखवत नाहीत. आधी जोर, बैठका, आखाड्याची माती उकरणे. मेयर यांचे शिकवणे याच जातीचे होते. फरक एवढाच, की त्यांच्यासमोर आधीचा नमुना नव्हता. उंच माणसाला कसे घडवायचे, याची परंपराच नव्हती. ते करत करत शिकत होते.

पाय थोडे ऐकू लागल्यावर हात आले. मायकनचे पुढे जगप्रसिद्ध झालेले हत्यार म्हणजे हुक शॉट. रिंगकडे बाजू करायची, आतला खांदा आणि कोपर ढालीसारखे मध्ये ठेवायचे आणि बाहेरचा हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवत चेंडू सोडायचा. समोरच्याला चेंडूपर्यंत पोहोचायला त्याच्या अख्ख्या देहाला वळसा घालावा लागतो. मेयर त्याच्याकडून उजव्या हाताने आणि डाव्या हाताने रोज शेकडो हुक मारून घेत. डाव्या हाताचा आग्रह महत्त्वाचा. एकाच हाताने खेळणारा उंच खेळाडू अडवायला सोपा असतो. त्याच्या चांगल्या बाजूला उभे राहिले की काम झाले. दोन्ही हात चालले तर बचाव करणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

‘मायकन ड्रिल’ म्हणजे काय?

या सरावातून निघालेला एक साधा प्रकार आजही जगभरच्या कोर्टवर त्याच्या नावाने चालतो. नागपुरात शिकलेल्या बहुतेकांनी तो केलेला असेल, नाव माहीत असो वा नसो.

रिंगच्या उजव्या बाजूला उभे राहायचे. डावे पाऊल टाकून उजव्या हाताने बॅकबोर्डवर आपटून चेंडू टाकायचा. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. हनुवटीच्या वर पकडायचा, खाली आणायचा नाही. लगेच उजवे पाऊल टाकून रिंगच्या डाव्या बाजूने डाव्या हाताने टाकायचा. पुन्हा पकड, पुन्हा उजवीकडे. थांबायचे नाही. पाहायला किरकोळ वाटते. सलग ५० करून बघा, खांदे बोलायला लागतात.

यातला चेंडू वर ठेवण्याचा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. उंच मुलगा रिबाउंड पकडतो आणि सवयीने चेंडू कमरेपर्यंत खाली आणतो. तिथे त्याची उंची संपते आणि साडेपाच फुटांचा गार्ड चेंडू हिसकावून नेतो. निसर्गाने दिलेला फायदा दोन फूट खाली आणून वाटून टाकल्यासारखे आहे हे.

दुसरा मुद्दा कोनाचा. रिंगचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू थेट वरून आला तर त्याला पूर्ण ४५.७ सेंटिमीटरचे तोंड मिळते. ४५ अंशांच्या कोनाने आला तर तेच तोंड त्याच्यासाठी सुमारे ३२ सेंटिमीटरचे होते. ३० अंशांनी आला तर २३ सेंटिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे चेंडूहून लहान. तो रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. डोक्यावर पूर्ण ताणलेल्या हातातून सुटणाऱ्या हुकला फार जोर न लावता चांगला चढा कोन मिळतो. उंचीचा खरा उपयोग इथे आहे. पण हात तिथे नेताना तोल गेला, तर कोनाचे गणित वहीतच राहते. म्हणून आधी पाय.

निकाल किती लवकर दिसले?

डीपॉलमध्ये मायकन बचावात रिंगजवळ उभा राहून आत पडणारे चेंडू वरच्या वर उडवू लागला. तेव्हा नियमाने त्याला बंदी नव्हती. ओक्लाहोमात बॉब कर्लंड हा सात फुटी खेळाडू हेच करत होता. शेवटी १९४४ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलने नियम केला, की रिंगकडे खाली येणाऱ्या चेंडूला हात लावायचा नाही. आज गोलटेंडिंग म्हणून शिट्टी वाजते, तिचे मूळ या दोघांत आहे.

मग मायकनने गुण करायला सुरुवात केली. १९४५ च्या एनआयटी स्पर्धेत, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर, डीपॉलने रोड आयलंड स्टेटला ९७-५३ असे हरवले. मायकनचे गुण ५३. म्हणजे समोरच्या अख्ख्या संघाइतके. डीपॉलने ती स्पर्धा जिंकली. नोटर डेमने परत पाठवल्यानंतर फार तर तीन-चार वर्षांतली ही गोष्ट.

व्यावसायिक लीगमध्ये काय घडले?

१९४६ मध्ये तो शिकागो अमेरिकन गिअर्सकडून व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९४७ मध्ये संघाने नॅशनल बास्केटबॉल लीग जिंकली. गिअर्सच्या मालकांना मग स्वतःची वेगळी लीग काढायची हौस आली. ती महिनाभरात कोसळली आणि मायकन मिनियापोलिसच्या नव्या संघाच्या, लेकर्सच्या, वाट्याला गेला.

त्या सहीची एक हकिकत आहे. लेकर्सचा कारभार पाहणारे सिड हार्टमन हे मुळात क्रीडा पत्रकार. वृत्तपत्रात लिहायचे आणि संघही चालवायचे. आज अशा बातमीदाराची नोकरी दुपारपर्यंत टिकणार नाही. बोलणी फिसकटून मायकन परत निघाला, तेव्हा हार्टमन त्याला गाडीने विमानतळावर सोडायला गेले आणि मुद्दाम उलट्या दिशेने गाडी हाकत राहिले. विमान चुकले. दुसऱ्या दिवशी करार झाला. हे स्वतः हार्टमनच आयुष्यभर सांगत राहिले.

पुढची वर्षे लेकर्सची. १९४८ मध्ये एनबीएल, १९४९ मध्ये बीएए, आणि ती लीग एनबीए झाल्यावर १९५०, १९५२, १९५३, १९५४ अशी विजेतेपदे. प्रशिक्षक जॉन कुंडला. सोबत उडी मारून डोळे दिपवणारा जिम पोलार्ड आणि चिवट गार्ड स्लेटर मार्टिन. १९४९ च्या अंतिम मालिकेत मायकनचे मनगट मोडले, तरी तो प्लास्टर घालून खेळला आणि त्या सामन्यात २२ गुण केले. १९५१ मध्ये पायाचे हाड मोडलेले असताना खेळला, पण तेव्हा रॉचेस्टरने लेकर्सना रोखले. त्याची लोकप्रियता इतकी, की न्यूयॉर्कमध्ये गार्डनबाहेरच्या पाटीवर लेकर्सऐवजी निक्सविरुद्ध मायकनचेच नाव झळकले. ते पाहून सहकाऱ्यांनी ड्रेसिंग रूममध्ये कपडेच बदलायचे नाकारून त्याची यथेच्छ थट्टा केली.

त्याच संघात आणखी एका उंच मुलाची घडण चालू होती, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. व्हर्न मिकेल्सन महाविद्यालयात सेंटर म्हणून खेळून आला. पण ती जागा मायकनची होती. कुंडला यांनी दोघांना रिंगजवळ ठेवून पाहिले, तर गर्दी व्हायला लागली. मग मिकेल्सनला रिंगकडे तोंड करून, थोडे लांबून खेळायला शिकवण्यात आले. आज ज्याला पॉवर फॉरवर्ड म्हणतात, त्या जागेचा तो पहिला मोठा खेळाडू मानला जातो. मोठ्या खेळाडूला घडवणे म्हणजे प्रत्येकाला एकाच साच्यात घालणे नव्हे, हे कुंडला यांना जागेच्या अडचणीतून समजले.

त्याला रोखण्यासाठी नियम का बदलावे लागले?

रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. तो पट्टा तेव्हा फक्त सहा फूट रुंद होता. म्हणजे पट्ट्याच्या कडेला उभा राहिलेला मायकन रिंगच्या मध्यरेषेपासून जेमतेम तीन फुटांवर. चेंडू मिळाला की एक वळण आणि हुक. १९५१-५२ च्या हंगामात एनबीएने हा पट्टा १२ फुटांचा केला. त्या आधीच्या हंगामात मायकनची सरासरी २८.४ होती, ती २३.८ वर आली. लागोपाठ तीन वर्षे गुणांत अव्वल राहिलेल्याचा पहिला क्रमांक गेला.

पण पुढे पाहा. पट्टा रुंद झाल्यावरच लेकर्सनी सलग तीन विजेतेपदे जिंकली. १९५२ च्या जानेवारीत मायकनने रॉचेस्टरविरुद्ध ६१ गुण केले, ते रुंद पट्ट्यातच. १९५२-५३ मध्ये रिबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता. नुसत्या उंचीवर जगणारा खेळाडू तीन फूट मागे ढकलल्यावर संपला असता. याच्याकडे मागे ढकलल्यावर टाकायला आणखी एक पाऊल होते. दोरीवरच्या उड्या आणि नाचाचे तास इथे वसूल झाले, असे माझे मत.

प्रतिस्पर्ध्यांनी दुसरा मार्गही शोधला होता. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिसमध्ये चेंडू अक्षरशः दाबून ठेवला. मायकनच्या हाती जाऊच द्यायचा नाही. सामना १९-१८ असा संपला, फोर्ट वेन जिंकले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. असले कंटाळवाणे सामने प्रेक्षकांना पळवून लावत होते. १९५४ मध्ये २४ सेकंदांचे घड्याळ आले, त्यामागे ही चिंता होती. त्याच वर्षी मार्चमध्ये लेकर्स आणि मिलवॉकी यांच्यात रिंग १० फुटांऐवजी १२ फुटांवर लावून एक सामना खेळवून पाहिला गेला. कोणालाच आवडला नाही. रिंग खाली आली आणि तिथेच राहिली.

मग त्याचे मोठेपण काळाचे देणे होते का?

काही अंशी होय. हे लपवण्यात अर्थ नाही. मायकनच्या बहराच्या काळात व्यावसायिक लीगमध्ये जवळजवळ सगळे गोरे खेळाडू होते. एनबीएमध्ये चक कूपर, अर्ल लॉइड आणि नॅट क्लिफ्टन हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० मध्ये आले. १९४८ च्या फेब्रुवारीत शिकागोत लेकर्सची गाठ हार्लेम ग्लोबट्रॉटर्सशी पडली, तेव्हा ग्लोबट्रॉटर्सनी शेवटच्या क्षणी ६१-५९ असा विजय मिळवला. दाराबाहेर ठेवलेले खेळाडू कोणत्या दर्जाचे आहेत, हे त्या रात्री हजारो लोकांनी पाहिले. पुढे बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन आले आणि उंच खेळाडूचा अर्थच बदलला. मायकन त्यांच्यापुढे टिकला असता का, या वादाला शेवट नाही.

मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. रसेल आणि चेंबरलेन यांच्या वेळी उंच मुलाला कोणी हसून घरी पाठवत नव्हते. तो बदल मायकनने आणि मेयर यांनी करून ठेवला होता.

भारतात हा धडा का लागू पडतो?

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच उंच. लुधियानाच्या अकादमीत तो घडला, २०१० मध्ये, १४ व्या वर्षी, फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. मुख्य लीगचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. तोवर खेळ रिंगपासून दूर सरकला होता. मोठ्या खेळाडूने लांबून नेम धरावा, चपळ गार्डसमोर बचाव करावा, अशी मागणी होती. सतनाममध्ये मेहनतीची कमतरता होती, असे त्यातून निघत नाही. पण १४ व्या वर्षी मिळालेले पाय आणि नवव्या वर्षी मिळालेले पाय यांत फरक पडतो.

विदर्भातल्या मुलांची उंची सात फूट नसते, म्हणून हे आपले काम नाही असे समजू नये. जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर सहा फूट तीन इंचाचा मुलगा सेंटरच असतो. त्याला दोरी घेऊन कोपऱ्यात रोज १५ मिनिटे दिली जातात का, एवढेच पाहायचे. दोरीची किंमत एका वडापावच्या बिलापेक्षा फार जास्त नाही. खर्च होतो तो प्रशिक्षकाच्या वेळेचा. पुढच्याच महिन्यात आंतरशालेय स्पर्धा असताना, दोन वर्षांनी फळ देणाऱ्या मुलावर तो वेळ घालवायला जिगर लागते. मेयर यांनी ती दाखवली आणि त्यांना डीपॉलने ४२ वर्षे ठेवून घेतले, १९८४ पर्यंत.

निवृत्तीनंतर मायकनच्या वाट्याला काय आले?

१९५४ मध्ये, तिशीत, तो थांबला. कारकीर्दीत दहा हाडे मोडली होती. १९५५-५६ मध्ये परत येऊन ३७ सामने खेळला, पण तो खेळ राहिला नव्हता. १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून अमेरिकी काँग्रेसची निवडणूक लढवून हरला. १९५७-५८ मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाला आणि ३९ पैकी ३० सामने हरून बाजूला झाला. स्वतः घडलेला माणूस दुसऱ्याला घडवू शकेलच असे नाही. डीपॉलमधून घेतलेली कायद्याची पदवी मात्र कामी आली.

१९६७ मध्ये एनबीएला आव्हान देणारी एबीए ही नवी लीग निघाली, तिचा तो पहिला आयुक्त. लाल-पांढरा-निळा चेंडू त्याने आणला. तपकिरी चेंडू लांबून नीट दिसत नाही, हे जन्मभर चष्मा लावणाऱ्यापेक्षा कोणाला जास्त कळणार? लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषाही त्याच्या लीगने उचलली. तिची कल्पना आधीच्या एका बुडालेल्या लीगमधली होती. एनबीएने ती १९७९ मध्ये स्वीकारली. रिंगखालच्या राक्षसाची मक्तेदारी पुढे ज्या रेषेने मोडली, तिला मोठ्या बास्केटबॉलमध्ये आणणारा माणूस रिंगखालचा पहिला राक्षसच होता.

म्हातारपण कठीण गेले. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार. २००० मध्ये उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ज्या पायांवर मेयर यांनी एवढी मेहनत घेतली, त्यांतला एक. उपचारांचा खर्च विम्यात बसेना, तेव्हा त्याने जपून ठेवलेल्या आठवणीच्या वस्तू विकल्या. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंना लीगकडून मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. ज्यांच्या जोरावर लीग उभी राहिली, त्यांनाच कोट्यवधींच्या करारांच्या युगात हात पसरावे लागत होते. मायकन स्वतःसाठी आणि त्या जुन्या सहकाऱ्यांसाठी अखेरपर्यंत भांडत राहिला. १ जून २००५ रोजी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथे तो गेला, तेव्हाही तो प्रश्न सुटलेला नव्हता. अंत्यविधीचा खर्च शकील ओनीलने उचलला. ओनील सात फूट एक इंचाचा सेंटर, लेकर्सकडून खेळून तीन विजेतेपदे मिळवलेला.

मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये हुक शॉट मारणाऱ्या मायकनचा पुतळा २००१ मध्ये, तो हयात असतानाच, उभा राहिला. लेकर्स १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेले होते. त्या शहरातल्या संघाने त्याचा ९९ क्रमांक निवृत्त करून छताला टांगला तो ३० ऑक्टोबर २०२२ रोजी. त्याच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी.